सरकारी सा

प्रोफेसर हरिपंत सोवनी वारले. ही बातमी मला ज्या पत्रातून कळली, त्याच पत्रात त्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तिकेसाठी मी चार पाने लिहून द्यावीत अशी विनंती होती. पत्र लिहिणाऱ्या तरुण गृहस्थांनी मृताचा उल्लेख 'ठाणे जिल्ह्यातील गायनविद्येचे जनक' असा केला आहे, आणि मला 'त्यांचे जुने स्नेही' म्हटले आहे. पहिल्या विधानाचा निकाल वाचकांनी करावा. दुसरे साफ खोटे आहे आणि ते मी येथे प्रथमच खोडून काढतो. मी त्यांचा स्नेही कधीही नव्हतो. मला त्या माणसाची किळस येत असे आणि आज तो हयात नाही म्हणून ती कमी झालेली नाही.

मेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये असा आपल्याकडे संकेत आहे. संकेत कशाला, मृताची बदनामी हाही पिनल कोडाप्रमाणे गुन्हा होऊ शकतो, हे उभा जन्म ठाण्याच्या कोर्टात वकिली केलेल्या मला कोणी शिकवायला नको. परंतु जे खरे आहे आणि जे सांगण्यात लोकांचे हित आहे, ते सांगणे म्हणजे बदनामी नव्हे, हेही त्याच कलमाखाली लिहिलेले आहे. त्या अपवादाच्या आश्रयाने मी ही पाने लिहीत आहे. पुस्तिकेत ती छापली जाणार नाहीत याची मला खात्री आहे. म्हणून एक प्रत मी वर्तमानपत्राकडे आधीच रवाना केली आहे.

आमची गायनशाळा ठाण्यात तलावाच्या पलीकडच्या गल्लीत, एका भाताच्या वखारीच्या माडीवर भरत असे. खाली पोती, वर सूर. त्यापूर्वी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहून त्याचे पाणी भरायचे, चिलीम पेटवून द्यायची आणि त्याची लहर लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते वेचायचे. भल्या घरचा मुलगा तिकडे फिरकत नसे. तेव्हा मुंबईच्या कॉलेजात जसे न्यायशास्त्र आणि गणित शिकवतात तसे गाणेही वर्गात बसवून, पुस्तक लावून, परीक्षा घेऊन आणि शेवटी दाखला देऊन का शिकवू नये, असा विचार आम्हा काही मंडळींच्या मनात आला. विचार चांगला होता. तो वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. पेन्शनर मामलेदार रावसाहेब अध्यक्ष झाले, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सभासद झाले आणि मी वकील म्हणून नियम लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. मग शिक्षक पाहिजे अशी जाहिरात दिली, आणि सोवनी आले.

'प्रोफेसर' ही पदवी त्यांना कोणी दिली हे मी पहिल्याच भेटीत विचारले होते. त्या काळी सर्कशीत वाघापुढे चाबूक वाजवणारा प्रोफेसर असे, टोपीतून कबुतर काढणारा प्रोफेसर असे आणि बाजाची पेटी वाजवणाराही प्रोफेसर असे. सोवनींनी माझ्याकडे न पाहता रावसाहेबांना उत्तर दिले, "लोकांनी दिली. लोक देतील ते नाकारणं म्हणजे उद्धटपणा." रावसाहेबांना हा विनय फार आवडला.

माणूस उंच, काटकुळा, नाकाने श्वास घेताना बारीक शीळ वाजे. अंगात काळा अल्पाकाचा कोट आणि कोटावर पदकांची ओळ. चालताना ती एकमेकांवर आपटून किणकिणत. डॉक्टर थट्टेखोर. त्यांनी चष्मा वर करून एक पदक जवळून पाहिले आणि म्हणाले, "प्रोफेसर, यावर बैल आहे."

"शेतकी प्रदर्शनाचं आहे ते."

"तिथं बैलापुढे गायलात?"

"प्रदर्शनात स्वागताचं पद मीच बसवलं होतं," सोवनी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्या माणसाला थट्टा लागत नसे. ज्याला थट्टा लागत नाही त्याच्यापासून मी तेव्हापासून जपून राहतो.

विद्यार्थी निवडण्याची त्यांची रीत पाहून मला प्रथम शिसारी आली. ते मुलाला गायला सांगत नसत. खिडकीपाशी उजेडात उभा करत, हनुवटी धरून तोंड उघडायला लावत आणि चांदीच्या चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून आत पाहत. एकाच चमच्याने सगळ्यांची जीभ दाबली जाई. मध्ये तो धोतराच्या सोग्याला पुसला जाई, इतकेच. "मोठं उघड. बाजारात घोडा बघितलास का कधी? तसं." मग चमचा खाली ठेवून ते मुलाच्या बापाला सांगत, "माल बरा आहे. घडवू." गळ्याला ते नेहमी माल म्हणत. गाणाऱ्या माणसासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्दच नव्हता.

त्यांच्या खाण्याविषयी लिहावे लागते याचा मला खेद आहे. विद्यार्थ्यांनी घरून लोणी आणावे असा त्यांचा दंडक होता. हे लोणी मुलांच्या गळ्यांसाठी आहे असे पालकांना वाटे. वर्ग चालू असताना प्रोफेसर ते बोटाने उचलून स्वतःच्या टाळूला लावत, डोळे मिटत, आणि ते विरघळेपर्यंत कोणीही श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नसे. बोलायला तोंड उघडले की ओठांच्या कोपऱ्यांत पांढरी रेघ दिसे. मी वर्ग पाहायला गेलो की माझी नजर त्या रेघेवर जाई आणि दिवसभर जेवण गोड लागत नसे.

शिक्षेची तऱ्हा त्याहून वाईट. शाळेबाहेर गुणगुणायला मनाई होती. कोणी तलावाच्या घाटावर किंवा बाजारात चार सूर गुणगुणताना सापडला तर दुसऱ्या दिवशी त्याने वर्गभर तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचे. गिळायचे नाही, थुंकायचे नाही. बाकीचे गात, आणि एका बाजूला गाल फुगवलेली दोन-तीन मुले डोळ्यांत पाणी आणून बसलेली असत. तास संपला की सगळ्यांनी एकाच पितळी तस्तात चूळ टाकायची. मी विचारले, "गायन शिकायला आलेल्या मुलाने गुणगुणायचे नाही, हे कोणत्या नियमात बसते?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा अशील कोर्टाबाहेर वाटेल ते बोलत सुटला तर तुम्हाला आवडेल?" ही उपमा रावसाहेबांना इतकी पटली की ते महिनाभर ज्याला त्याला ती सांगत सुटले.

आता मुख्य गोष्ट. सोवनींनी येताना आपली बाजाची पेटी आणली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या पेटीच्या एका पट्टीवर लाखेचा तांबडा ठिपका दिला आणि वर्गाला सांगितले, "हा सा. माप सरकारी असतं, वजन सरकारी असतं, तसा हा सरकारी सा. या शाळेत दुसरा सा नाही."

ज्यांना गाण्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक गळ्याचा सा वेगळा असतो. कोणाचा उंच, कोणाचा खोल. जुन्या गुरूच्या घरी हजार गैरसोयी असतील, पण तिथे तंबोरा शिष्याच्या गळ्याला लावीत. इथे गळाच पेटीला लावायचा होता. ठिपक्याची पट्टी चांगलीच उंच होती. दहा-बारा वर्षांच्या पोरांना ती झेपे, आणि सगळी पोरे मिळून गाऊ लागली की रस्त्यावरची माणसे थांबून वर पाहत. थोरल्या मुलांच्या मात्र मानेच्या शिरा फुगत.

मी सरळ विचारले, "ज्याचा गळा इथवर पोचत नाही त्याचे काय?"

"पोचवायचा."

"आणि फुटला तर?"

"फुटू द्या. फुटल्याशिवाय नारळाचं खोबरं दिसत नाही." हे त्यांचे आवडते वाक्य होते आणि ते म्हणताना पेटीवरचा लाकडी रूळ ते दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आपटत.

वासुदेव या शाळेत आला तो कल्याणहून. त्याचे वडील गणेशबुवा कीर्तनकार. कल्याणच्या एका देवळात चातुर्मासातले कीर्तन त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. कोपरच्या मिठागरांवरची आणि खाडीकाठची आगरी मंडळी दिवसभराचे काम आटोपून, मुलाबाळांना घेऊन त्या कीर्तनाला येत. बुवांचे दात पडत चालले होते आणि आवाजाला कंप सुटला होता. वासुदेव वीस वर्षांचा. पुढच्या चातुर्मासापासून त्याने नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागेवर, उभे राहायचे हे ठरलेले होते. कीर्तनात निरूपण असते तशी पदेही असतात, आणि ज्याला पद म्हणता येत नाही तो अर्धाच कीर्तनकार. देवळाच्या पंचांची नजर बुवांच्या एका चुलतभावाकडेही होती, हे गावात सर्वांना माहीत होते. म्हणजे त्या मुलाचा गळा हीच त्याच्या घराची वहिवाट होती. गळा बसला तर गादी जाणार होती.

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो जिन्यात. वर्गाआधी तो एकटाच पायरीवर बसून वडिलांचे एक पद म्हणत होता. खोल, रुंद आवाज. भरतीचे पाणी खाडीत शिरताना वर काही हलत नाही आणि होडी मात्र उचलली जाते, तसा तो आवाज होता. मी खालच्या पायरीवर थांबलो. वरून दरवाजा उघडला आणि सोवनींचा रूळ चौकटीवर वाजला.

"कोण रेकतंय?"

"मी. वासुदेव."

"रेडा आहेस का? चल, वर ये. तोंडात पाणी घे."

वर्षभर तो मुलगा सरकारी सा गाठायचा प्रयत्न करत होता. दाखला मिळाला तर देवळाच्या पंचांपुढे आपली बाजू बळकट होईल, असे बुवांना वाटत होते. पंचांपैकी दोघे आमच्या रावसाहेबांचे आप्त होते. म्हणून मुलाने कुरकुर केली की बुवा त्याची समजूत घालत. मग एके दिवशी बुवा स्वतः माझ्या घरी आले. ओसरीवर बसले, उपरणे मांडीवर ठेवले आणि बराच वेळ ते उपरणेच चाचपत राहिले.

"वकीलसाहेब, आमचा वासू सकाळी उठतो तेव्हा त्याला बोलता येत नाही हो. दुपारपर्यंत नुसती हवा येते. घरी हातवारे करून सांगतो काय हवं ते."

"सोवनींना सांगितलंत?"

"सांगितलं. मिरी नि मध द्या म्हणाले. आणि म्हणाले, आता थांबवलंत तर केलेलं सगळं वाया जाईल. एवढं बक्षीससमारंभापर्यंत निघू द्या. कलेक्टरसाहेब येणार आहेत. वासू पुढं उभा राहणार म्हणे."

"तुम्ही त्याला घरी ठेवा."

"ठेवला असता. पण रावसाहेबांनी निरोप धाडलाय. पोरगा ऐन वेळी गैरहजर राहिला तर शाळेचा अपमान होईल, आणि मग देवळाच्या बाबतीत आपल्याला शब्द टाकता यायचा नाही, असं." बुवांनी उपरणे खांद्यावर घेतले. "तुम्ही नियम लिहिलेत ना शाळेचे? त्यात काही निघत नाही का?"

मी त्याच दिवशी समितीला पत्र लिहिले. डॉक्टरांनी मुलाचा घसा पाहून महिनाभर पूर्ण मौन सांगितले होते, ते मत सोबत जोडले. सक्तीने गायला लावून गळ्याला कायमची इजा झाली तर जबाबदारी कोणावर, असा प्रश्न कलमवार विचारला. उत्तर आले नाही. दुसरे पत्र लिहिले. त्यावर रावसाहेब वाटेत भेटले तेव्हा हसत म्हणाले, "अहो, केवढी पत्रं! गाण्याचा क्लास आहे, खुनाचा खटला नाही. पोरांचे घसे बसतात आणि उठतात." तिसरे पत्र मी थेट सोवनींना धाडले. ते त्यांनी वर्गात मुलांना वाचून दाखवले आणि प्रत्येक वाक्याखाली पेटीवर सूर वाजवला, असे मला पुढे कळले.

बक्षीससमारंभ शाळेच्या माडीवर झाला. आंब्याची तोरणे, गुलाबपाणी, खुर्च्यांवर शुभ्र आच्छादने. साहेब, मडमसाहेब आणि त्यांच्यामागे सारी कचेरी. राणीसरकारच्या स्तवनाचे पद होते. सोवनींनी ते स्वतः रचले होते आणि त्यात वृत्ताचा खून झाला होता, पण त्या खुनाची तक्रार कोणी केली नाही. ध्रुवपद सर्वांनी म्हणायचे आणि कडवी वासुदेवाने एकट्याने. थोरल्या माणसाचा भारदस्त आवाज पुढे असला म्हणजे साहेबांवर छाप पडते, असा प्रोफेसरांचा हिशेब होता. भारदस्त आवाज हवा आणि तो पोरांच्या पट्टीत हवा, ही त्यांची मागणी होती. गणेशबुवा अगदी मागे भिंतीशी उभे होते.

पहिले कडवे निघाले. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर होता. वासुदेवाने मान ताणली, ओठ उघडले, आणि जो आवाज आला तो मी विसरू शकलेलो नाही. ओल्या कापडाची पट्टी फाडावी तसा आवाज. मग काहीच नाही. तोंड उघडे आणि आतून नुसता वारा. सोवनींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी भाता जोरात हाणला, पेटी दुप्पट मोठ्याने वाजवली आणि मानेने पोरांना खूण केली. पोरांनी ध्रुवपद उचलले. वासुदेव पुढे उभाच होता. त्याचे ओठ हलत होते, कारण ओठ थांबवले तर काय होईल हे त्याला माहीत होते.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. 'उत्तम शिस्त' असा शेरा त्यांनी दिला. सोवनींनी कमरेत वाकून मुजरा केला तेव्हा सगळी पदके एकदम पुढे लोंबली. मुलाला पाणी द्यायला मात्र त्याच्या बापाला शेवटच्या रांगेतून, खुर्च्यांमधून अंग चोरत, साहेबांची पाठ चुकवत पुढे यावे लागले.

आवाज परत आला तो चार महिन्यांनी, आणि जो आला तो तो नव्हता. बोलता येई, खरखरीत. गायला गेला की दोन सुरांनंतर तुटे.

मी समितीची सभा मागितली. नियमांप्रमाणे सभासदाने लेखी मागणी केल्यास सभा बोलावणे बंधनकारक होते, म्हणूनच ती झाली. सोवनी समोर बसले होते. मी साक्षीदाराला विचारावे तसे एकेक प्रश्न विचारत गेलो.

"हा सा तुम्ही कशावरून ठरवला? कोणत्या ग्रंथावरून?"

"ग्रंथ कशाला? पेटीवरून."

"पेटीत बरेच सूर असतात. हाच का?"

 ते अगदी सहज म्हणाले, "या एकाच पट्टीत ती धड वाजते. खाडीची हवा दमट. खालचे सूर बसले आहेत तिचे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे पेटी बिघडली होती म्हणून?"

"दुरुस्तीला मुंबईस धाडली असती तर शाळा किती दिवस बंद राहिली असती! रावसाहेबांना विचारा."

रावसाहेब छताकडे पाहत होते. त्या वेळी माझ्या मनात एक गोष्ट आली, जी इतके दिवस आम्हा कोणाच्याच मनात आली नव्हती. सोवनी बोलत, सूर वाजवत, रूळ आपटत. त्यांना गाताना आमच्यापैकी कोणीही कधी ऐकले नव्हते.

"प्रोफेसर," मी म्हणालो, "एक ओळ म्हणून दाखवा. कोणतीही. पेटीशिवाय."

"मी गात नाही."

"का?"

मला वाटले, आता हा माणूस खाली पाहील. त्याने छाती पुढे काढली. "माझे गुरू फार कडक होते. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत त्यांनी माझ्याकडून एवढा वरचा सूर घोटून घेतला की गळा गेला. दोन वर्षं मला कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. म्हणून तर पेटी हातात घेतली. पण शिस्त काय असते ते तेव्हा कळलं."

हे त्यांनी पदक दाखवावे तसे सांगितले.

पुष्कळ जण मला म्हणतात की ही हकीकत ऐकून तरी तुम्हाला त्यांची दया यायला हवी होती. दया येण्याची तयारी मी ठेवली होती. पण कायद्यात एक साधा भेद असतो. माहीत नसताना केलेले आणि माहीत असताना केलेले. बंदूक भरलेली आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून ती सुटली तर आपण एक बोलतो, आणि तीच बंदूक ज्याच्या स्वतःच्या छातीत एकदा सुटलेली आहे त्याने ती दुसऱ्यावर रोखली तर दुसरे बोलतो. सकाळी उठल्यावर घशातून नुसती हवा आली की वीस वर्षांच्या माणसाला काय वाटते, हे आम्हा सगळ्यांत एकट्या सोवनींना माहीत होते. त्यांनी मिरी नि मध सांगितला. त्या क्षणापर्यंत मी त्यांना मूर्ख समजत होतो. त्यानंतर मूर्ख समजण्याची सवलत मी काढून घेतली.

सभेने काय केले? साहेबांच्या शेऱ्याची नोंद घेतली, प्रोफेसरांचे आभार मानले आणि कल्याणास शाळेची शाखा काढून ती त्यांच्याच हाती द्यावी असा ठराव केला. विरोधात डॉक्टर आणि मी. मी त्याच बैठकीत राजीनामा लिहून दिला. त्यात 'किळस' हा शब्द होता. तो काढून टाकावा अशी रावसाहेबांनी विनंती केली. मी तो काढला नाही.

यानंतर सोवनींना मी एकदाच पाहिले. दोन-तीन वर्षे गेली असतील. चातुर्मास चालू होता आणि गणेशबुवांच्या आग्रहावरून मी कल्याणला त्यांच्या देवळात कीर्तनाला गेलो होतो. गादीवर वासुदेव उभा होता. ती त्याला मिळाली, पण पुरती मिळाली नाही. पंचांनी तोड काढली होती ती अशी, की निरूपण वासुदेवाने करायचे आणि पदे त्या चुलतकाकाच्या मुलाने मागे उभे राहून म्हणायची. श्रोते निम्म्याहून कमी झाले होते. मिठागरांवरची मंडळी मात्र येत होती. वासुदेव त्या फाटक्या आवाजात, एकेक शब्द मोजून, हळू बोलत होता, आणि ऐकायचे म्हणजे सगळ्यांना पुढे सरकून बसावे लागत होते. पद सुरू झाले की तो चिपळ्या खाली धरून गप्प उभा राही. तेवढा वेळ मी त्याच्याकडे पाहू शकत नसे.

पहिल्या रांगेत, सतरंजीच्या मधोमध, प्रोफेसर सोवनी बसले होते. अंगावर पदके. शेजारच्याला ते मोठ्याने सांगत होते, "माझाच विद्यार्थी. बसवलेला आहे चांगला."

पूर्वरंग संपला. त्या देवळात रीत अशी आहे की मध्यंतरात कीर्तनकाराच्या गळ्यात हार घालतात, आणि मग श्रोते एकेक करून पुढे येऊन त्याच्या पायांवर डोके ठेवतात आणि तो त्यांच्या कपाळाला बुक्का लावतो. वयाचा प्रश्न नसतो, नात्याचा नसतो. तो माणूस त्या वेळी नारदाच्या जागी उभा असतो, म्हणून बाप मुलाच्या पाया पडतो. गणेशबुवा पडले. मी पडलो. मग सोवनी आले.

ते वाकले नाहीत. ताठ उभे राहून त्यांनी फक्त कपाळ जरा पुढे केले आणि वासुदेवाकडे पाहत राहिले, जणू त्यानेच खाली उतरून नमस्कार करावा. बुक्क्याचे बोट हवेत थांबले.

"वाका," वासुदेव म्हणाला.

"अरे, मी तुझा गुरू."

"मी गादीवर आहे."

 मागे एका आगरी म्हातारीचा धीर सुटला. ती ओरडली, "वाक ना रं बाबा! आमी नाय वाकलो? रांग खोलंबली!"

कोणीतरी हसले. वासुदेव हसला नाही. त्याचे बोट तिथेच होते. त्याला आवाज चढवायची गरज नव्हती, आणि चढवता आलाही नसता. मी सोवनींच्या मानेकडे पाहत होतो. ती लाल झाली. मग पदके किणकिणली, आणि तो उंच माणूस हळूहळू खाली गेला, गुडघे टेकले, आणि त्याचे कपाळ त्या मुलाच्या पायांना लागले. वासुदेवाने तो उठण्याची वाट पाहिली आणि इतरांना लावला तेवढाच बुक्का त्यालाही लावला.

मला क्षणभर वाटले की आता तरी हा माणूस काही बोलणार नाही. तो वळला, माझ्याकडे नजर गेली तेव्हा ओळखीचे हसला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "पाहिलंत, वकीलसाहेब? गुरूलासुद्धा सोडलं नाही. याला म्हणतात शिस्त. मीच लावली."

वासुदेवाने पुढच्या म्हातारीच्या कपाळाला बुक्का लावला. सोवनींनी खिशातून पांढरा रुमाल काढला, कपाळ पुसले, रुमाल उलगडून किती काळा झाला ते उजेडात धरून पाहिले, घडी घातली, आणि उत्तररंग सुरू होण्याआधी आपले जोडे शोधायला निघून गेले.